मनाचा कल

"मॅडम, जुनंच सेटिंग नव्या यंत्रात घेऊ ना?" मनदर्शक बदलायला आलेल्या तंत्रज्ञ बाईंनी विचारलं. "कल स्थैर्याकडे, नव्वद टक्के. सहा वर्षांपूर्वी उदयन सरांनी लावलेला आहे."

हेमांगीच्या हातातला कप तसाच राहिला. सहा वर्षं ती रोज सकाळी त्या यंत्रासमोर डोळे मिटून बसत आली होती. ते मनातले विचार वाचायचं आणि ज्याचे त्याला, त्याच्याच आवाजात ऐकवायचं. त्यात दुसऱ्या कोणाची ढवळाढवळ नसते, म्हणून तर लोक ते घेत. त्या आवाजाचं ऐकूनच तिने समुद्रसंशोधनाचं जहाज सोडलं होतं आणि प्रवाळांवरचं अर्धवट काम दुसऱ्याच्या हाती दिलं होतं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं. उदयनने नाकारलं नाही.

"वर्षातले आठ महिने तू समुद्रावर असायचीस. मी इथे एकटा. कल थोडासा वळवला, एवढंच. निर्णय तर तूच घेतलास ना?"

"मला सांगायचंस, थांब म्हणून."

"तू थांबली नसतीस."

ती गच्चीवर गेली. यंत्र खाली बंद पडून होतं. मला काय हवंय, असं तिने कितीतरी वर्षांनी स्वतःच स्वतःला विचारलं. बऱ्याच वेळाने आतून उत्तर आलं, "इथेच बरं आहे."

आवाज तिचाच होता. पण तो खरा मानायचा की नाही, हे तिला कळेना.