वाटेसाठी दशम्या

ओस्लोच्या विमानतळावर माणसं मंडईतून आल्यासारखी पिशव्या हलवत बाहेर पडत होती. इंदूमावशीने मात्र फडक्यात बांधलेलं गाठोडं छातीशी धरलं होतं. न्यायला आलेल्या भाचीला, शर्मिलाला, हसू आवरेना.

“मावशी, शिदोरी कशाला गं? सोलापूरहून वीस मिनिटांचं तर विमान!”

“मला काय ठाऊक, बाई? दुधात भिजवलेल्या दशम्या आहेत, चार दिवस टिकतात. तुझी आई आजारी होती तेव्हा तू फोनवर म्हणायचीस, फार लांब आहे, येणं जमत नाही. ताई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. म्हटलं, दोन-तीन दिवसांची तरी वाट असेल.”

शर्मिलाचं हसू मावळलं. तिने खाली मान घालून गाठोडं हातात घेतलं.

दशम्या अजून गरम होत्या.