विष उतरल्यावर

दारू मिळेना म्हणून सुशांत गॅरेजमधलं, गाडीची काच धुवायचं, विषारी स्पिरिट असलेलं निळं पाणी प्यायला. मिशिगनमधल्या हॉस्पिटलात रक्तातलं विष काढायला त्याचं डायलिसिस झालं. नागपूरहून आलेली त्याची आई बाहेर बसून होती. सकाळी डॉक्टर रीमा आली. ती अमेरिकेतच वाढलेली, मराठी जेमतेम.

"काकू, पॉयझन गेलं. सगळं."

आईने हात जोडले. "मग घरी कधी सोडाल गं?"

रीमा तिच्याशेजारी बसली. "मशीनसाठी ब्लड पातळ करावं लागतं. कदाचित त्याने, कदाचित पॉयझनने..." पुढचं तिला मराठीत सांगता येईना. तिने स्वतःच्या डोक्याला हात लावला. "इथे, आत, खूप ब्लड. तो आता उठणार नाही."

आईने दाराच्या काचेतून सुशांतकडे पाहिलं.

"अगं, पण त्याला तर कुठे खरचटलंसुद्धा नाही."