बंब गार होईना

नवं राज्य झालं, यांची कचेरी भोपाळला गेली, म्हणून लष्कर भागातलं घर सोडून आम्हीही निघालो. सामान टांग्यात चढलं होतं. राहिला होता फक्त आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब. आंघोळी केव्हाच उरकल्या होत्या, तरी मेला गार होईना.

मामंजी आतबाहेर येरझाऱ्या घालत आम्हालाच घाई करत होते, "आटपा, गाडी चुकेल."

हे वैतागले. "पाणी सोडून दे आणि उचलू तसाच."

"आत विस्तव असताना? कोरडा तापला की सांधे सुटतात, मग जन्मभर गळतो. मामंजींनीच बजावलंय मला."

"बाईसाहेब, टाइम हो रहा है," बाहेरून टांगेवाला म्हणाला.

शेवटी निखारेच काढावेत म्हणून मी चिमटा घेऊन मोरीपाशी गेले. मामंजी बंबावर वाकून मधल्या नळीत कोळसे टाकत होते.

"मामंजी, अहो, गाडी..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बंबात तांब्याभर पाणी ओतलं.

"विस्तव आहे अजून," ते म्हणाले. "रिकामा करायचा नाही."