बंदूक साफ करताना

वासराचा मागचा पाय दोन्ही हातांनी ओढून धरत व्हर्न टॉलेफसन धुळीत बसला, आणि गसनं तापलेली डागणी वासराच्या मांडीवर टेकवली. केस जळल्याचा वास सुटला. वासरू हंबरलं, लाथ झाडायला लागलं.

"सांभाळून, शेरीफसाहेब," गस म्हणाला. "या गड्याचं मत काही तुम्हाला मिळायचं नाही."

कुंपणाला टेकलेले शेजारी हसले. व्हर्नही हसला. शेरीफच्या निवडणुकीला त्याच्याविरुद्ध कोणी उभंच राहत नसे.

वासरं आर्लिस हॉगेनची, डाग मात्र आता गसचा. जमीन, गुरं, चाऱ्याचं कोठार, सगळं गसनं विकत घेतलं होतं. आर्लिस उद्या बहिणीकडे जाणार होती, बिलिंग्जला, कायमची.

म्हणजे तिला सांगायचं असेल, तर ते आजच.

नोव्हेंबरपासून राहिलं होतं. सकाळी दाढी करताना व्हर्ननं आरशाला सांगून पाहिलं होतं. तिथं जमलं होतं.

*

इथं जरा मागं जायला हवं.

व्हर्न आणि आर्लिसचा नवरा रोली व्हिएतनामला एकाच तुकडीत होते. दोघं परत आले. रोलीनं बापाची गुरं सांभाळली, व्हर्न शेरीफ झाला. मोंटानाच्या त्या कोपऱ्यात माणसं थोडी, म्हणून कोण कशानं मेलं हे ठरवायचं कामही शेरीफकडेच. त्यानं ठरवलं की ठरलं. वर विचारणारं कोणी नाही.

आणि लढाईवरून आलेली काही पोरं हिवाळे काढू शकली नाहीत. व्हर्ननं त्यांच्या मरणाची कारणं लिहिली.

धाकटा ओलाफसन: बंदूक साफ करताना.

शाळेची बस चालवणारा वेंडेल: बंदूक साफ करताना.

धान्याच्या कोठारावरचा तो अबोल माणूस, ज्याचं आडनाव कुणाला नीट म्हणता येत नसे: बंदूक साफ करताना.

आपल्याकडची लढाईवरून आलेली माणसं बंदुका फारच साफ करतात, असं गस एकदा बारमध्ये म्हणाला. कुणी हसलं नाही. गसनंच मग सगळ्यांना बिअर पाजली. त्या पोरांच्या आयांना चर्चमध्ये पुढच्या बाकावर ताठ बसता आलं होतं, ते व्हर्नमुळे. पाद्रीसुद्धा त्याचा हात जरा जास्त वेळ हातात धरायचा.

मग रोली. हरणांच्या शिकारीच्या मोसमात, पहिल्या बर्फाच्या आधी. दरवर्षीप्रमाणे दोघं टेकडीच्या दोन बाजूंनी वर चढले होते. कुंपण ओलांडताना रोलीची बंदूक उडाली, असं व्हर्ननं सांगितलं. त्यानंच त्याला खांद्यावर टाकून खाली आणलं होतं.

लोकांनी माना डोलावल्या. शेरीफनं मित्रासाठी निदान कारण तरी नवं शोधलं, असं म्हणाले, आणि टोप्या घालून घरी गेले.

*

जेवणं झाली. माणसं पुन्हा गुरांकडे गेली. व्हर्न मागं राहिला, आणि आर्लिसनं त्याच्यापुढं अ‍ॅपल पायचा तुकडा ठेवला. ती वर्तमानपत्रात कप गुंडाळत होती. त्याच्या गुडघ्याची चौकशी झाली, तिच्या बहिणीची झाली, बिलिंग्जच्या रहदारीची झाली. मग बोलायला काही उरलं नाही.

"व्हर्न, उद्या मी जातेय. आता तरी खरं सांग."

त्यानं काटा खाली ठेवला. एवढ्यासाठीच तो आला होता, आणि दार तिनंच उघडलं होतं. पण तिनं त्याला बोलू दिलं नाही.

रोली गेला त्या दिवशी सकाळी तिचं आणि त्याचं भांडण झालं होतं. पाण्याचा पंप बिघडला होता, एवढ्याशा गोष्टीवरून.

"मी त्याला म्हणाले, तिकडे जे मेले ते सुटले, तू तेवढा माझ्या गळ्यात पडलास." ती कपाकडे बघत बोलत होती. "कॉफी तशीच टाकून गेला. केशरी जाकीटसुद्धा खुंटीवर ठेवून. मोसमात लांबून दिसेल असं केशरी घातल्याशिवाय कोणी रानात शिरतं का, व्हर्न? ज्याला परत यायचं असतं, तो घालतो."

"त्यानं जीव दिला नाही, आर्लिस."

"वेंडेलच्या आईलाही तू हेच सांगितलंस."

"ते वेगळं. रोलीचा खरंच अपघात होता."

"शपथ घेशील?"

"घेतो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हसत होती. "वेडा आहेस. माझ्यासाठी खोटी शपथसुद्धा घेशील तू." तिनं त्याचं मनगट दाबलं. "माझ्या तोंडामुळं गेला तो. ते माझं मी नेते बरोबर. तू नको ओझं घेऊस."

त्यानं तोंड उघडलं.

बाहेरून गसनं हाक मारली, शेरीफसाहेब अ‍ॅपल पाय खातायत की त्याच्या आड लपलेत, वासरं थांबलीत.

आर्लिसनं दुसरा तुकडा त्याच्या ताटलीत वाढला. तो त्यानं खाल्ला. छान झालाय, म्हणाला. मग उरलेली वासरं डागून झाली, धुळीनं माखलेल्या माणसांनी तिला एकेक करून मिठी मारली, व्हर्ननंही मारली.

तिला पटलं असतं असं एकच वाक्य त्याच्याजवळ होतं. ते घेऊन तो गाडीत बसला. फाटकाशी उतरला, ते उघडलं, गाडी बाहेर काढली, पुन्हा उतरून फाटक नीट लावून घेतलं. ती अजून दारात उभी होती. तिनं हात हलवला.

रोलीच्या बंदुकीतून त्या दिवशी एकही गोळी सुटली नव्हती. समोरच्या उतारावर झुडपांत काहीतरी तपकिरी हललं होतं, आणि ते हरीण समजून व्हर्ननं गोळी झाडली होती.