बारा खोकी आणि एक चटई

चटई पुरती उलगडली आणि मैदानातल्या बायकांनी एकच कल्लोळ केला. चौघींनी चार टोकं धरलेली. रेशमासारखी मऊ, काठाला लाल पिसं. फुआतिनो आजीने दोन वर्षं डोळे ताणताणून विणली होती ती. आजी पुढे झाली.

"घे पोरी. तुझी."

मेरिताचे हात पुढे गेले आणि मधेच थिजले.

सकाळच्या बोटीने ती राजधानी आपियाहून सावाई बेटावर आली होती, टेलिफोन कंपनीच्या वतीने, बारा खोकी पुस्तकं घेऊन. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी कंपनी दरवर्षी काही करते. यंदा ते राजधानीतल्याच एका मोठ्या शाळेत व्हायचं होतं. मेरिताने वर्षभर साहेबांचा पिच्छा पुरवून ते इकडे, बेटाच्या पार शेवटच्या गावात वळवलं. एक्कावन्न मुलं आणि आजवर एकही गोष्टीचं पुस्तक नाही. पोरं उजाडल्यापासून केसांना तेल चोपडून त्या खोक्यांभोवती घिरट्या घालत होती.

"आजी, मला नाही घेता येणार," ती कशीबशी म्हणाली. "नियम आहे आमचा. ज्यांना देतो, त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही."

"अस्सं? सकाळपासून तीन शहाळी रिचवलीस, तेव्हा तुझा नियम झोपला होता होय गं?"

बायका खिदळल्या. पण गावाच्या वतीने बोलणारे सेउमालो आजोबा हसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून ते शांतपणे म्हणाले, "मग खोकी गाडीत भरा."

"आजोबा!"

"घेतलं आणि दिलं नाही, तर आम्ही मागून खाणारे ठरलो, लेकी. माझी पोरं पुस्तक उघडतील ती ताठ मानेने. नाहीतर नको."

 दोघे बाप्ये उठले आणि पहिलं खोकं त्यांनी उचललंसुद्धा. त्या खोक्याला बोटाने भोक पाडून आत डोळा लावून बसलेली एक चिमुरडी खोक्याबरोबरच चालू लागली. डोळा काही तिने काढला नाही.

मेरिताने घड्याळ पाहिलं. चारची बोट. खोकी परत गेली तर पुन्हा या गावाचं नाव साहेबांपुढे काढायची सोय नव्हती.

तेवढ्यात मुख्याध्यापिका सिएनीबाई तिच्या कानाशी लागल्या. "तुझी आई कुठली गं?"

"आई? ऑकलंडला असते."

"असते कुठे ते नाही विचारलं. आहे कुठली?"

"फालेवाओ गावची," मेरिता म्हणाली आणि तिने आपल्या आजीचं नावही सांगितलं.

सिएनीबाईंनी तिथूनच हाळी दिली, "आजोबा, पोरगी फालेवाओची आहे!"

सेउमालो आजोबा ताडकन उभे राहिले. खोकंवाले जागच्या जागी थांबले. आजोबांनी खांद्यावरचा मानाचा काथ्याचा गोंडा सारखा केला, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि स्वर लावला. फालेवाओचं मूळ घर, त्या घरातून या गावात आलेली सून, तिचे मुलगे, मुलग्यांच्या लेकी. स्वर एकेक पायरी चढत होता. प्रत्येक नावासरशी बायका मागून साथ देत होत्या, म्हातारे माना डोलावत होते. मेरिताने तोवरचं एकही नाव कधी ऐकलं नव्हतं. तरी तिच्या अंगावर सरसरून काटा आला. शेवटचं नाव आलं ते तिच्या आजीचं.

आजोबांनी डोळे उघडले. "कंपनीने नसेल घ्यायचं, तर नको घेऊ दे. तू घरची लेक म्हणून घे. लेकीला कोण अडवतो?" मग काठीचं टोक त्यांनी शाळेच्या ओसरीकडे केलं. "पण मग ही खोकीही फालेवाओकडून आली. तो फलक खाली उतरेल."

निळा फलक, कंपनीचं नाव हातभर अक्षरांत. फलकाखाली मुलांचा फोटो काढून आणायला साहेबांनी तीनतीनदा बजावलं होतं.

मेरिताने त्या चिमुरडीकडे पाहिलं. मग ती ओसरीवर चढली आणि फलकाच्या गाठी सोडू लागली. एक गाठ सुटेना, तेव्हा ती तिने दातांनी ओढली.

"साहेबाला काय सांगशील?" सिएनीबाईंनी विचारलं.

"खरं तेच. ओरडतील. ओरडू देत."

फलक खाली आला. मेरिता उतरली, फुआतिनो आजीसमोर वाकली आणि चटई दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. मग जे उसळलं, त्यात बोट, साहेब, चार वाजणं, सगळं वाहून गेलं. बायका नाचल्या, आजोबा नाचले. पोरांनी खोकी फोडली आणि एक्कावन्न तोंडं एक्कावन्न पानं एकदमच मोठ्याने वाचू लागली. कुणाला कुणाचं काही ऐकू येत नव्हतं.

मेरिताने एका कानात बोट घालून आईला फोन लावला. झालं ते एका दमात सांगितलं. "आई, आपल्याला चटई दिली गं! आपल्या घराला! आजीच्या नावाने!"

पलीकडे आईने देवाचे आभार मानले, नाक ओढलं, पुन्हा आभार मानले. मग मागे तिचं कपाट उघडल्याचा, बँकेचे कागद चाळल्याचा आवाज आला.

"तुझ्या तिन्ही मावश्यांना कळवते," आई म्हणाली. "त्यांनी एवढं दिलं, आता आपणही काही न्यायला नको का? मला सांग, त्या शाळेला खोल्या किती आहेत?"