गजराबाईंचा कौल

“तोंड उघाडानं नही,” लोटनआबांनी ललितला बजावलं. “इशारा नही, खोकलं नही. फक्त बटन.”

ललितने ओठ मिटले. बटण टेबलावरच्या फडक्याखाली होतं, ॲम्प्लिफायरही तिथेच. समोरच्या खुर्चीत त्याची आई गजराबाई, पदर मागे सारून, भलेमोठे हेडफोन कानांवर चढवून बसली होती.

भांडण खोलीचं होतं. धानोऱ्याच्या घराची ही पुढची खोली ललितने हेडफोनच्या दुकानाला घेतली होती. नंदुरबारचंच काय, घाट उतरून धडगावचं गिऱ्हाईकही येई. ढोल आणि लग्नाची गाणी ऐकणाऱ्याला तो बंद पाठीचे हेडफोन देई, धमक आत राहते म्हणून. भजन-गझलवाल्याला उघड्या पाठीचे, म्हणजे आवाज मोकळा फिरतो. इथवर आबांची ना नव्हती. पण भारी हेडफोनला सोबत ॲम्प्लिफायर हवा असं पोरगा म्हणाला, आणि आबांचं टाळकंच फिरलं. गाणं वाजतंय ना? मग आणखी डबडं कशाला?

ललितने त्यांना त्यांच्याच शेतातलं सांगून पाहिलं. व्होल्टेज कमी असलं की मोटार फिरते, पण पाणी चढत नाही. भारी हेडफोन नुसत्या मोबाइलला जोडले की तेच होतं. साध्याला मशीन लागत नाही, हे तो स्वतःच गिऱ्हाइकाला सांगे. आबा म्हणाले, बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. फरक कळला नाही तर सोमवारपासून खोलीत मिरचीची पोती पडतील आणि ललित मामाच्या गोदामावर बसेल.

न्याय गजराबाईंकडे गेला. या घरातलं कुठलंही भांडण त्यांच्याच कौलावर मिटायचं, कारण ही बाई नवऱ्यासाठीसुद्धा खोटं बोलायची नाही. हल्ली जरा हट्टी झाल्या होत्या, एवढंच. फोन घेत नसत; बोलायचं तर समोर ये म्हणत. मघाशी कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी बाई आपल्या तांदूळ निवडतायत. शेवटी गॅस आबांनीच बंद केला.

आबा त्यांच्या पाठीमागे उभे राहिले. नाणं उडवून त्यांनी ललितला दाखवलं. छापा आला तर मशीन चालू, काटा आला तर बंद. आवाज मात्र दोन्ही वेळी सारखाच मोठा ठेवायचा. ललितने बटण दाबलं आणि आबांनी बायकोच्या खांद्यावर बोट टेकवलं.

“शे,” गजराबाई म्हणाल्या. मशीन खरोखरच चालू होतं.

पुन्हा नाणं. “नही.” तेही बरोबर.

मशीन लागलं की ढोल कसा थेट छातीत उतरतो, हे ललितला पाठ होतं. काटा आला की बिचाऱ्याचा जीव खालीवर होई. बोलायची बंदी, म्हणून तो नुसता आईकडे बघत राहिला. तीही त्याच्याकडेच बघत होती, तो लहानपणी तापाने फणफणला की बघायची तशी.

पाच वेळा ढोल झाला. मग हेडफोन बदलून पाच वेळा भजन. दहापैकी दहा!

आबांनी फडकं उचलून खाली पाहिलं, नाणं उलटसुलट केलं. मग त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

“मी हारनू,” ते म्हणाले.

माणूस हट्टी खरा, पण शब्दाचा पक्का. पोती आणू नका असा निरोप त्यांनी स्वतःच व्यापाऱ्याला धाडला, मशीनला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि गल्लीभर सांगत सुटले की माझ्या पोराला विद्या आहे. ललितला आनंद पोटात मावेना.

खोलीत दोघंच उरली, तेव्हा त्याने मागून आईच्या कानांवरचे हेडफोन अलगद काढले आणि विचारलं, जास्त गोड काय लागलं, ढोल की भजन?

ती खोबरं चावत राहिली. त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मग तो वळसा घालून तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

त्याला पाहताच ती हसली आणि तिने त्याच्या गालावरून हात फिरवला.

“मशीन चालू व्हयनी का तुन्हा तोंडवर दिवा लागे,” ती म्हणाली. “गानं कोनतं व्हतं रे भाऊ?”