जास्वंदीनंतरचा फोटो

टीव्हीवर सरत्या वर्षाच्या सहलींचे फोटो चालले होते. मार्च, हंपी: शालनचा नवरा दगडी रथापुढे, डोळे मिटून. मे, मनाली: मुलगा घोड्यावर, घोडा परतीच्या वाटेला. घरात नुसता हशा.

"ऑक्टोबरात तुम्ही केरळला होतात ना, तेव्हा तुमची जास्वंद काय फुलली होती! दाखवते," खालच्या खोलीत राहणाऱ्या कुंदाताई म्हणाल्या. झाडांना पाणी घालायला घराची किल्ली त्यांच्याकडेच असे. त्यांचा मोबाइल टीव्हीला जोडला गेला.

जास्वंद आली. मुलाने सवयीने पुढचा फोटो आणला.

शालनच्याच सोफ्यावर अनोळखी माणसं ऐसपैस बसलेली. समोर कुंदाताईंची लेक पैठणीत, हातात शालनच्याच ठेवणीतल्या बशांतले पोहे.

हशा जागीच थिजला.

"कुंदाताई, तुम्ही... आमच्या घरात मुलगी दाखवलीत?" शालनने विचारलं.

"आमच्या एका खोलीत त्यांना बसवलं कुठे असतं हो?" कुंदाताई म्हणाल्या. "स्थळ चांगलं आहे. पोरगी खूश आहे. उद्या बोलणी करायला येताहेत ते. इथेच. त्यांना हे घर आमचंच वाटतंय. मोडलं तर काय करू?"

नवरा पुटपुटला, "मग उद्या आपण कुठे जायचं?"

"कुठेही नाही." शालन अजून टीव्हीकडेच बघत होती. "घर मावशीचं आहे, असं आल्याआल्या त्यांना सांगायचं. मावशी मी. आणि पोहे मीच करणार. हे फारच पिवळे दिसताहेत."